दूरून होणारी संगणकदुरुस्ती : परवानगीचा प्रश्न आणि विलंबाचें कारण

इंदापूर तालुक्यांतील कळससारख्या गांवींहि संगणक ही आतां नवलाईची वस्तु राहिलेली नाहीं. शाळेची कचेरी, विकास सोसायटी, पतपेढी, आपले सरकार सेवा केंद्र, खतांचें दुकान अशा ठिकाणीं तो असतो. आणि ज्याच्या खिशांत स्मार्टफोन आहे, त्याच्या खिशांतहि एक लहानसा संगणकच असतो. पण यंत्र घरांत आलें म्हणजे त्याच्या पाठोपाठ बिघाडहि येतो. विहिरीवरील मोटर जळाली तर मिस्त्रीस बोलवावें लागतें, आणि तो येईपर्यंत पिकास पाणी मिळत नाहीं. संगणकाचें तसें नाहीं. पुण्यास बसलेला माहितगार मनुष्य आपल्या खुर्चीवरून न उठतां कळस येथील संगणकाची स्क्रीन पाहूं शकतो, तिच्यावरील माऊसचा बाण हलवूं शकतो, आणि अडलेला प्रिंटर चालू करून देऊं शकतो. टीमव्ह्यूअर, एनीडेस्क, क्विक असिस्ट वगैरे प्रोग्राम याच कामासाठीं केलेले आहेत. पहिले दोन जर्मनींतील कंपन्यांचे असून तिसरा विंडोज प्रणालीबरोबरच येतो.

या सोयीचा उपयोग करणारांच्या दोन तक्रारी नेहमीं कानीं पडतात. पहिली अशी कीं, हें यंत्र पुन्हां पुन्हां परवानगी कां मागतें? मदत करणारा ओळखीचा, मदत घेणारा राजी, मग मध्यें हा प्रश्न कशास? दुसरी अशी कीं, जोडणी झाल्यावरहि बाण अडखळत चालतो, टाइप केलेलें अक्षर मागाहून उमटतें, आणि कधीं कधीं सर्वच काम थबकतें. याचें कारण काय? या दोन्ही प्रश्नांचीं उत्तरें समजून घेणें विद्यार्थ्यांस कठीण नाहीं. तीं समजलीं म्हणजे केवळ ज्ञान वाढेल इतकेंच नव्हे, तर घरांतील कष्टाचा पैसाहि सुरक्षित राहील. म्हणून हा विषय येथें थोड्या विस्तारानें मांडला आहे.

प्रथम जोडणी कशी होते तें पाहूं. असा प्रोग्राम आपल्या यंत्रांत चालू केला म्हणजे त्या यंत्रास एक क्रमांक मिळतो. बहुधा तो नऊ किंवा दहा आंकड्यांचा असतो. हा क्रमांक म्हणजे जणूं टपालाचा पत्ता होय. मदतनीस तो आपल्या यंत्रांत लिहितो. त्याची विनंती प्रथम प्रोग्रामच्या कंपनीनें ठेवलेल्या एका मध्यस्थ संगणकाकडे जाते. त्या क्रमांकाचें यंत्र या घटकेस कोठें आहे, हें त्या मध्यस्थास ठाऊक असतें. तो ती विनंती आपल्याकडे पोंचवितो. मग आपल्या स्क्रीनवर एक चौकट उघडते. अमुक नांवाचा, अमुक क्रमांकाचा मनुष्य आपल्या यंत्राशीं जोडूं इच्छितो. त्यास केवळ स्क्रीन पाहूं द्यावयाची, कीं माऊस व कळफलकहि हातीं द्यावयाचा, कीं फायलीहि नेऊं-आणूं द्यावयाच्या, असें ती विचारते. आणि खालीं स्वीकार व नकार अशीं दोन बटणें असतात. क्विक असिस्टमध्यें थोडा उलट प्रकार आहे: तेथें मदतनीसच एक संकेतांक तयार करून आपणांस सांगतो, आणि तो कांहीं मिनिटांत निकामी होतो. पण तेथेंहि शेवटीं आपण परवानगी दिल्याखेरीज कोणाचा प्रवेश होत नाहीं.

ज्यांनीं आगगाडीचा कारभार थोडा जवळून पाहिला आहे त्यांना या रीतीचें मर्म लगेच कळेल. एकेरी लोहमार्गावर एका स्टेशनाचा मास्तर गाडी आपल्या मनानें पुढें सोडीत नाहीं. तो पुढल्या स्टेशनास विचारतो, उत्तराची वाट पाहतो, आणि ‘लाईन क्लिअर’ मिळाल्यावरच गाडी निघते. डब्यांतील उतारू कंटाळतात, खिडकींतून माना बाहेर काढतात, उगीच खोळंबा झाला असें म्हणतात. पण समोरून दुसरी गाडी येत नाहीं याची खात्री त्याच खोळंब्यानें होत असते. परवानगीची चौकट ही संगणकाची ‘लाईन क्लिअर’ होय. फरक इतकाच कीं, येथें स्टेशनमास्तर कोणी सरकारी नोकर नसून स्वतः यंत्राचा धनी असतो. आणि त्यानें न पाहतां होकार दिला तर त्याला थांबविणारा दुसरा कोणी नसतो.

आतां विलंबाचा विचार करूं. विलंबाचे दोन प्रकार आहेत. एक वाटेमुळें होणारा आणि दुसरा मुद्दाम ठेवलेला. बहुतेक लोक या दोहोंची गल्लत करितात, म्हणून ते निरनिराळे समजून घेतले पाहिजेत.

वाटेच्या विलंबांत पहिला भाग अंतराचा. इंटरनेटचा संदेश कांचेच्या तंतूंतून प्रकाशाच्या रूपानें धांवतो, आणि कांचेंत प्रकाशाचा वेग सेकंदास सुमारें दोन लक्ष किलोमीटर असतो. कळस ते पुणें हें अंतर सोयीसाठीं सव्वाशें किलोमीटर धरलें, तर संदेशास एका सेकंदाच्या सहस्रांशाहूनहि कमी वेळ लागेल. परंतु मध्यस्थ संगणक मुंबईहून साडेसहा हजार किलोमीटर दूर, जर्मनींत असेल, तर जाऊन येऊन तेरा हजार किलोमीटर होतात. म्हणजे निदान पासष्ट सहस्रांश सेकंद लागणारच. प्रत्यक्षांत समुद्रांतील तारा सरळ रेषेंत नसतात, वाटेंत ठिकठिकाणीं संदेश थांबवून पुढें पाठवावा लागतो, म्हणून हा काळ आणखी वाढतो. भूस्थिर उपग्रहाची वाट घेतली तर अंतर फारच मोठें होतें. तो उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. संदेश वर जाऊन खालीं येण्यास जवळजवळ पाव सेकंद, आणि त्याचें उत्तर परत येण्यास आणखी पाव सेकंद लागतो. सुमारें एक दशांश सेकंदापर्यंतचा विलंब माणसास सहसा जाणवत नाहीं. अर्ध्या सेकंदाचा मात्र चांगलाच खटकतो. माऊस हलविला आणि बाण नंतर हलला म्हणजे हात व डोळे यांचा मेळ बसत नाहीं, आणि मदतनीस एकाच बटणावर दोनदां दाबून बसतो.

दुसरा भाग वाटेच्या रुंदीचा. हा समजण्यास आपल्या तालुक्यांतील शेतकऱ्यास दुसऱ्या कोणत्याहि उदाहरणाची गरज नाहीं. खडकवासल्याहून कालव्यास पाणी सोडलें तरी तें इंदापूर तालुक्यांत त्याच क्षणीं पोंचत नाहीं. त्यास येण्यास वेळ लागतो. हा झाला अंतराचा विलंब. पाणी पोंचल्यावरहि वरच्या बाजूस उपसा फार झाला तर टेलच्या शेतापर्यंत बारीक धारच येते. ही झाली रुंदीची उणीव. कालवा रुंद केला तर पाण्याचें प्रमाण वाढेल, पण खडकवासला जवळ येणार नाहीं. इंटरनेटचेंहि असेंच आहे. जाहिरातींतील मोठे आंकडे रुंदीचे असतात. अंतराविषयीं ते कांहीं सांगत नाहींत. संध्याकाळीं सर्व गांव एकाच मनोऱ्यावरून मोबाईलवर चित्रें पाहूं लागला म्हणजे प्रत्येकाच्या वांट्यास येणारी धार बारीक होते, आणि त्याच वेळीं दूरची दुरुस्ती करूं गेल्यास ती रखडते. तेंच काम सकाळीं लवकर केल्यास पुष्कळदां सुरळीत होतें.

तिसरा भाग आडवाटेचा. मोबाईलच्या जाळ्यावर अनेक ग्राहकांस मिळून बाहेरच्या जगासाठीं एकच पत्ता असतो. एखाद्या मोठ्या वाड्यांत दहा बिऱ्हाडें असावींत आणि टपालवाल्यास फक्त वाड्याचेंच नांव ठाऊक असावें, तशी ही स्थिति असते. आंतून बाहेर पाठविलेल्या पत्राचें उत्तर बरोबर त्या बिऱ्हाडीं येतें. पण बाहेरून आपण होऊन आलेलें पत्र कोणास द्यावें हें दारावर कळत नाहीं. म्हणून दोन यंत्रांस परस्परांशीं थेट वाट सांपडत नसेल, तर सर्व देवघेव त्या मध्यस्थ संगणकामार्फतच करावी लागते, आणि वाट लांबते. यांत एक सोय मात्र केलेली असते. हे प्रोग्राम संपूर्ण स्क्रीनचें चित्र प्रत्येक क्षणीं नव्यानें पाठवीत नाहींत. जेवढा भाग बदलला तेवढाच आवळून पाठवितात. यावरून एक व्यावहारिक धडा मिळतो. दुरुस्ती चालली असतां स्क्रीनवर चलच्चित्र चालू ठेवूं नये, मागील भपकेबाज देखावा काढून साधा रंग ठेवावा, न लागणाऱ्या खिडक्या बंद कराव्या, आणि चित्राचा दर्जा थोडा कमी करण्याची सोय असल्यास तो कमी करावा. इतक्यानेंहि काम पुष्कळ हलकें होतें.

वाटेचा विलंब असा आहे. तो कोणास नको असतो, आणि उपाय करून तो कमी करणें योग्यच आहे. दुसऱ्या प्रकारचा विलंब मात्र निराळा. मदतनीस भराभर काम करीत असतो, आणि एकाएकीं त्यास चित्र स्थिर किंवा काळें दिसूं लागतें. तो फोनवर म्हणतो, “तुमचा संगणक अडकला.” वास्तविक संगणक अडकलेला नसतो. विंडोजमध्यें, इ. स. २००७ मध्यें सर्वसामान्य ग्राहकांस मिळूं लागलेल्या व्हिस्टा आवृत्तीपासून, यंत्राच्या मुळाशीं हात घालणारा बदल करण्यापूर्वीं स्क्रीन अंधुक होते आणि धन्यास विचारलें जातें कीं, या प्रोग्रामला बदल करूं द्यावयाचे काय? हा प्रश्न मुद्दाम वेगळ्या, राखीव स्क्रीनवर मांडला जातो, आणि त्याचें चित्र पुष्कळदां दूरच्या मदतनिसाकडे जातच नाहीं. यंत्र त्या वेळीं कळस येथें त्याच्या समोर बसलेल्या मनुष्याच्या उत्तराची वाट पाहत असतें. अँड्रॉइड फोनवरहि स्क्रीन दुसऱ्यास दाखविण्याची परवानगी वेगळी आणि फोन चालविण्याची वेगळी असते. ही दुसरी तर सेटिंगमध्यें जाऊन द्यावी लागते, आणि तेथें धोक्याची सूचनाहि लिहिलेली असते. हे थांबे प्रोग्राम करणारांच्या आळसामुळें राहिलेले नाहींत. ते विचारपूर्वक बसविले आहेत.

त्यांची आवश्यकता किती आहे, हें महाराष्ट्रांत घडलेल्या प्रकारांवरून दिसेल. इ. स. २०२२ मध्यें राज्यांतील अनेक वीजग्राहकांच्या मोबाईलवर असा संदेश आला कीं, मागील महिन्याचें बिल न भरल्यामुळें आज रात्रीं साडेनऊ वाजतां आपली वीज तोडली जाईल. ताबडतोब पुढील क्रमांकावर अधिकाऱ्यास फोन करा. संदेश खोटा होता. महावितरणानें त्या वेळीं ग्राहकांना इशारा दिला कीं, असे संदेश कंपनी खाजगी मोबाईल क्रमांकावरून पाठवीत नाहीं. पण ज्यांनीं घाबरून फोन केला, त्यांना पलीकडून गोड बोलून एक प्रोग्राम फोनमध्यें घ्यावयास सांगण्यांत येई. तो प्रोग्राम दूरच्या दुरुस्तीचाच असे. मग क्रमांक विचारला जाई, चौकट उघडली कीं ‘होय’ दाबावयास सांगण्यांत येई, आणि शेवटीं “नोंद पक्की करण्यासाठीं दहा रुपये भरा” असें म्हणत. ग्राहक दहा रुपये भरावयास बसला कीं त्याचा कार्डक्रमांक, गुप्त शब्द आणि बँकेनें पाठविलेला संकेतांक हें सर्व पलीकडचा मनुष्य स्क्रीनवर वाचीत असे.

येथें एक गोष्ट विशेष ध्यानांत घेण्याजोगी आहे. “बँकेचा संकेतांक कोणासहि सांगूं नका,” ही सूचना आतां सर्वांस पाठ झाली आहे. या फसवणुकींत ग्राहकानें तो तोंडानें कोणासहि सांगितलेला नसतो. त्यानें सूचना अक्षरशः पाळलेली असते. तरीहि चोर तो वाचतो, कारण ज्या फोनवर संकेतांक आला त्या फोनचें दार आधींच उघडें केलेलें असतें. म्हणजे चोरी खरोखर संकेतांकाच्या वेळीं झालीच नाहीं. ती त्यापूर्वीं, परवानगीच्या चौकटीवर बोट पडलें त्या क्षणीं झाली. भारतीय रिझर्व्ह बँकेनें फेब्रुवारी २०१९ मध्येंच बँकांस या युक्तीविषयीं सावध केलें होतें, आणि त्या सूचनेंत एनीडेस्कचें नांव घेऊन नऊ आंकडी क्रमांक मागण्याची ही रीत वर्णिली होती.

म्हणून प्रोग्रामच वाईट, असा निष्कर्ष काढणें बरोबर होणार नाहीं. किल्ली तीच असते. ती कोणाच्या हातीं दिली हा प्रश्न आहे. पण खऱ्या मदतनिसास व लबाडास ओळखण्याची एक सोपी कसोटी मात्र यांतून हातीं येते. प्रामाणिक कारागीर चौकट वाचावयास वेळ देतो. आपण काय करणार तें सांगतो. शंका विचारल्यास रागावत नाहीं. “थांबा, घरांत विचारतों,” असें म्हटल्यास थांबतो. लबाड थांबूं देत नाहीं. “लवकर दाबा, वेळ संपत आला, वीज जाईल, खातें बंद पडेल,” असा त्याचा धोशा असतो. घाई हेंच त्याचें हत्यार होय, आणि परवानगीच्या चौकटीनें दिलेली उसंत हीच आपली ढाल होय. जो मनुष्य वैतागून न वाचतां ‘होय’ दाबण्याची संवय लावून घेतो, तो ती ढाल आपण होऊन खालीं ठेवतो.

विद्यार्थिमित्रहो, या बाबतींत तुमच्यावर एक जबाबदारी आहे. पुष्कळ घरांत वडिलांना किंवा आजोबांना स्क्रीनवरील बारीक इंग्रजी अक्षरें वाचतां येत नाहींत. ते फोन तुमच्या हातीं देऊन म्हणतात, “बाळ, तेवढें होय दाब.” त्या घटकेस घराच्या दारावर तुम्ही उभे असतां. दाबण्यापूर्वीं तो प्रश्न मराठींत मोठ्यानें वाचून दाखवा. मग पुढील गोष्टी विचारा. फोन आपण केला होता कीं पलीकडून आला? पलीकडून आला असेल तर तेथेंच नकार द्यावा. चौकटींत दिसणारें नांव व क्रमांक मदतनीस सांगतो त्याच्याशीं जुळतो काय? केवळ पाहण्यानें काम भागत असेल तर चालविण्याची परवानगी कशास हवी? बँकेचें पान किंवा पैशाचें ॲप उघडें राहिलेलें तर नाहीं ना? काम चालू असतां यंत्रासमोरून उठूं नये. काम संपलें कीं जोडणी तोडून ती खरोखर तुटली आहे हें पाहावें. धनी समोर नसतांहि आंत येतां यावें म्हणून एखादा कायमचा गुप्त शब्द ठेवण्याची सोय अशा प्रोग्रामांत असते. कचेरींत तिचा उपयोग होतो, पण घरीं ती बंद असलेली बरी.

इतकें करूनहि कोणी फसलाच, तर लाजेनें गप्प बसूं नये. प्रथम इंटरनेट तोडावें, फोन बंद करावा, आणि दुसऱ्या फोनवरून आपल्या बँकेस व १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकास कळवावें. येथें मात्र विलंब सर्वथा घातक आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणें ग्राहकाच्या निष्काळजीपणानें झालेलें नुकसान, तो बँकेस कळवीपर्यंत, त्याचें त्यासच सोसावें लागतें. कळविल्यानंतर जें नुकसान होईल तें बँकेचें. म्हणजे कळविण्यास लागलेल्या प्रत्येक मिनिटाचा भार घरावर पडतो. मुलाच्या हातून चूक झाली असेल तर पालकांनीं त्यास आधीं रागें भरण्यांत वेळ घालवूं नये. रागाच्या भीतीनें मूल गोष्ट लपवूं लागलें, तर तेवढ्या वेळांत खातें रिकामें होईल. फसविणाऱ्यास शिक्षेचीहि तरतूद आहे. दुसऱ्याचें सोंग घेऊन संगणकाच्या साह्यानें ठकविणें हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ ड या कलमाप्रमाणें गुन्हा असून, त्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक लक्ष रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो.

सारांश, दूरच्या दुरुस्तींत जो वेळ जातो तो सगळा सारख्याच जातीचा नसतो. तार, उपग्रह, गर्दी व आडवाट यांमुळें होणारा विलंब उपायानें कमी करावा. त्यांत शहाणपण आहे. परवानगी विचारतांना यंत्र जें थांबतें तें मात्र आपल्यासाठीं थांबतें. तेवढा एकच क्षण असा असतो कीं, पुण्याचा, मुंबईचा किंवा परदेशचा कितीहि निष्णात मनुष्य पलीकडे असला तरी सर्व अधिकार कळस येथें बसलेल्या धन्याच्या हातीं असतो. तो क्षण पुरता वापरावा, चौकट वाचावी, आणि मग हो किंवा नाहीं म्हणावें.